रेष नसलेला चष्मा: प्रोग्रेसिव्ह काचांचा तीन महिन्यांचा अनुभव

मराठीत ‘चाळिशी’ हा एकच शब्द तीन गोष्टींना पुरतो: वयाला, त्या वयात डोळ्यांना जडणाऱ्या तक्रारीला आणि त्या तक्रारीपायी नाकावर चढणाऱ्या चष्म्याला. यांपैकी पहिली मला वेळेवर आली, दुसरी चव्वेचाळिसाव्या वर्षी आली आणि तिसरी मी एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत टाळत आले. टाळता आली ती माझ्या लांबच्या नंबरामुळे. उजव्या डोळ्याला उणे २.२५ आणि डाव्याला उणे २.५० असा नंबर असलेल्या माणसाला चष्मा न लावता चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरवरचे अक्षर स्वच्छ दिसते, म्हणजे नेमके पुस्तक धरण्याच्या अंतरावरचे. त्यामुळे वाचायचे झाले की चष्मा कपाळावर सरकवायचा आणि मान वर केली की पुन्हा नाकावर ओढायचा, असा माझा पाच वर्षांचा रिवाज होता. दिवसातून हे किती वेळा होते ते मी कधी मोजले नाही, कारण आपण असे काही करतो याचेच मला भान नव्हते.

ते भान गेल्या जून महिन्यात दादरच्या पुलावर आले. मोबाइलवरचा निरोप वाचण्यासाठी कपाळावर चढवलेला चष्मा मागून आलेल्या धक्क्याने खाली पडला आणि मी वाकेपर्यंत दोन-चार जणांची पावले त्यावरून गेलीसुद्धा. इंडिकेटर वाचता येईना, तेव्हा शेजारच्या एका मुलीला डोंबिवलीची गाडी कुठल्या फलाटावर लागणार ते विचारून मी कशीबशी घरी पोहोचले आणि जुना चष्मा शोधण्यासाठी कपाटाचा खण उघडला. खणात सात चष्मे निघाले. कॉलेजात असताना लागलेला पहिला नंबर, त्यानंतर वाढत गेलेले नंबर, एकदा हौसेने घेतलेली जाड काळी फ्रेम, एक काडी तुटलेला, एक शाळेत संगणकावर गुण भरण्यासाठी म्हणून वेगळा करून घेतलेला आणि बहुधा कधीच न वापरलेला. एका नाकासाठी इतका पसारा पाहून मी ठरवले की आता लांब, मधले आणि जवळचे सगळे एकाच काचेतून दिसणारा चष्मा घ्यायचा आणि हा खण रिकामा करायचा. ज्या वस्तूचे हे परीक्षण आहे तिची खरेदी अशी एका अपघातातून आणि थोड्या वैतागातून झाली. तीन महिने वापरल्यावर तो चष्मा मी ठेवला आहे, परंतु तो ज्या कारणासाठी घेतला ते कारण सिद्धीस गेलेले नाही.

प्रोग्रेसिव्ह काच म्हणजे काय, हे दुकानात फार घाईने सांगितले जाते, म्हणून आधी थोडे तेच. वय वाढते तसे डोळ्यातले नैसर्गिक भिंग ताठर होत जाते आणि जवळचे पाहण्यासाठी त्याला जो फुगवटा घ्यावा लागतो तो घेता येईनासा होतो. ही उणीव भरून काढण्यासाठी लांबच्या नंबरावर जी भर घालावी लागते तिला चष्मेवाले ‘ॲड’ म्हणतात. माझी ॲड अधिक १.७५ आहे. ही भर काचेच्या खालच्या भागात बसवण्याची युक्ती जुनी आहे. अमेरिकेचे मुत्सद्दी आणि संशोधक बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८५ मधल्या एका पत्रात आपल्या दुहेरी चष्म्याचे वर्णन केले आहे. दोन निरनिराळ्या नंबरांच्या काचा अर्ध्या कापून त्यांनी एकाच चौकटीत एकीखाली एक बसवून घेतल्या होत्या, आणि त्याचा फायदा त्यांनी असा सांगितला आहे की फ्रान्समध्ये जेवणाच्या टेबलावर ताटातलेही दिसते आणि समोर बोलणाऱ्याचा चेहराही दिसतो. परक्या भाषेत कान कमी पडले की चेहऱ्यावरच्या हालचाली पाहून अर्थ लागतो, म्हणजे चष्म्यामुळे आपल्याला फ्रेंच अधिक चांगले कळते, असे त्यांचे म्हणणे. हे वाचून मला गंमत वाटली होती. पहिल्या आठवड्यात स्वतःवर बेतले तेव्हा त्यातले तथ्य कळले. चष्म्याशिवाय मला फोनवरही नीट ऐकू येत नाही, असे मी घरी सांगत असे आणि सगळे हसत असत.

फ्रँकलिन यांच्या युक्तीचा वंशज म्हणजे आपल्याकडचा बायफोकल. त्यात खालच्या बाजूला अर्धचंद्रासारखा तुकडा असतो आणि त्याची रेष समोरच्या माणसालाही दिसते. ही रेष काढून टाकून वरपासून खालपर्यंत नंबर हळूहळू बदलत नेणारी आणि बाजारात टिकलेली पहिली काच फ्रान्समध्ये बेर्नार मेतनाझ यांनी तयार केली आणि ती १९५९ मध्ये ‘व्हॅरिलक्स’ या नावाने विक्रीस आली. आज अनेक कंपन्या अशा काचा बनवतात. जाहिरातींमध्ये भर असतो तो रेष नाहीशी झाल्यावर, कारण रेष दिसली की वय दिसते.

रेष पुसता येते, पण सीमा पुसता येत नाही, आणि या वस्तूबद्दल घेण्यापूर्वी कळायला हवी अशी मुख्य गोष्ट माझ्या मते हीच आहे. काचेच्या वरच्या भागात लांबचा नंबर असतो, खाली नाकाच्या बाजूला किंचित सरकलेला जवळचा नंबर असतो आणि या दोहोंना जोडणारी एक अरुंद उभी पट्टी असते. या पट्टीच्या डाव्या-उजव्या बाजूला जे उरते ते धूसर असते आणि ते तसे असणे हा कारागिरीचा दोष नाही. १९६३ मध्ये मिंकविट्झ या जर्मन अभ्यासकाने गणिताने दाखवून दिले की पट्टीतून खाली उतरताना नंबर ज्या गतीने बदलतो त्याच्या साधारण दुप्पट गतीने पट्टीच्या दोन्ही बाजूंना सिलिंडरसारखा, म्हणजे उभ्या आणि आडव्या रेषा एकाच वेळी स्वच्छ दिसू न देणारा, दोष वाढत जातो. याचा व्यवहारातला अर्थ असा की ॲड जितकी मोठी आणि पट्टी जितकी आखूड तितका बाजूचा धूसर भाग अधिक त्रासदायक. महाग काचेत हा धूसर भाग अधिक हुशारीने वाटलेला असतो, खालच्या कोपऱ्यांत ढकललेला असतो किंवा मोठ्या क्षेत्रावर पातळ पसरलेला असतो, परंतु तो गेलेला नसतो. दुकानदाराने मला तीन किमतींच्या काचा दाखवल्या आणि तिसऱ्या, सर्वांत महाग काचेबद्दल ‘मॅडम, यात काठापर्यंत क्लिअर दिसतं’ असे सांगितले. ते खरे नाही. मी मधली काच घेतली: काचांचे ९,४०० आणि फ्रेमचे १,८०० रुपये. नाकापेक्षा मोती जड होणार हे तेव्हाच दिसत होते.

फ्रेम निवडताना एक गोष्ट मात्र दुकानदाराने बरोबर सांगितली. सध्या आवडतात त्या आडव्या, अरुंद फ्रेम या काचांना चालत नाहीत, कारण बुबुळापासून काचेच्या खालच्या कडेपर्यंत पुरेशी उंची नसेल तर जवळच्या नंबराचा भाग कापला जातो. माझ्या काचेच्या पाकिटावर ही उंची किमान १७ मिलिमीटर असावी असे छापलेले होते. मी निवडलेली फ्रेम पुरेशी उंच होती, आणि तिला नाकावरचे हलते पॅड होते, ज्यांनी ती थोडी वर-खाली करता येते. या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व मला नंतर कळले.

आता तक्रारीकडे येते. दुकान डोंबिवलीत आहे आणि त्याचे नाव मी लिहीत नाही, कारण चूक शेवटी त्यांनी निस्तरली. मोजमाप घेणारा तरुण उंच होता आणि उभा होता. मी स्टुलावर बसले होते. ‘माझ्याकडे बघा’ असे म्हणून त्याने फ्रेममधल्या नकली काचेवर मार्करने बुबुळांच्या जागी ठिपके दिले. मी अर्थातच त्याच्याकडे, म्हणजे वर पाहत होते, त्यामुळे बुबुळे वर गेली आणि ठिपकेही वर पडले. आठ दिवसांनी चष्मा हाती आला तेव्हा समोरचे सगळे किंचित पुसट दिसत होते. स्वच्छ पाहायचे तर हनुवटी खाली घालावी लागे, आणि मग कपाळाखालून पाहणाऱ्या त्या अवस्थेत मी फलाटावर उभी राहिले की काहीतरी अपराध केल्यासारखी दिसत असे. ‘सवय होईल, पंधरा दिवस द्या,’ असे मला दुकानातून सांगण्यात आले. मी नऊ दिवस दिले. मान आखडली, संध्याकाळी डोके दुखू लागले आणि सवय लागली ती फक्त खाली मान घालून चालण्याची.

इथे वाचकांना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट सांगते, जी मला दुकानात कुणी सांगितली नव्हती. नवी प्रोग्रेसिव्ह काच कारखान्यातून येते तेव्हा तिच्यावर रंगाने खुणा छापलेल्या असतात: डोळ्यासमोर यावी अशी एक फुली, वर लांबचा नंबर तपासण्याची जागा, खाली जवळच्या नंबराचे वर्तुळ. चष्मा देताना या खुणा स्पिरिटने पुसतात. परंतु त्याच काचेवर लेझरने कोरलेल्या, सहसा न दिसणाऱ्या दुसऱ्या खुणा असतात आणि त्या कायमच्या असतात. रात्री खिडकीशी उभी राहून, रस्त्यावरच्या दिव्याकडे काच तिरपी धरून मी तिच्यावर तोंडाची वाफ सोडली, तेव्हा त्या वाफेत एकेक सेकंद दोन बारीक वर्तुळे दिसू लागली, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी लावून पाहिली तर त्यांच्यात बरोबर ३४ मिलिमीटर अंतर होते. कानाच्या बाजूच्या वर्तुळाखाली माझी ॲड कोरलेली होती आणि नाकाच्या बाजूच्या वर्तुळाखाली कंपनीची खूण. वाफ उडाली की सगळे नाहीसे होई, म्हणून मी पुन्हा पुन्हा फुंकर घालत राहिले. चष्मा लावून मी रोज जग पाहत होते आणि चष्म्यावर लिहिलेले काही मात्र पहिल्यांदाच वाचत होते. मागवलेली काचच मिळाली आहे का, हे पाहण्याचाही हा खात्रीचा मार्ग आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

हीच वर्तुळे दाखवून मी दुकानात सांगितले की यांच्यावरून रंगाच्या खुणा पुन्हा काढा आणि चष्मा माझ्या डोळ्यांवर ठेवून पाहा. त्यांनी कंपनीचा नकाशा काढला, त्यावर काच ठेवून फुली आखली, आणि फुली बुबुळापेक्षा तीन मिलिमीटर वर निघाली. दुकानातल्या वयस्क ऑप्टोमेट्रिस्टबाईंनी, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणाऱ्या बाईंनी, काही वाद घातला नाही. त्या स्वतः माझ्यासमोर, माझ्याच उंचीवर खुर्ची घेऊन बसल्या, आधी फ्रेम माझ्या नाकावर व कानांवर नीट बसवली आणि मग मापे घेतली. दोन्ही डोळ्यांची नाकाच्या मध्यापासूनची अंतरेही त्यांनी वेगवेगळी मोजली; उजवे ३०.५ आणि डावे ३१.५ निघाले, तर पहिल्या वेळी दोन्हींची बेरीज करून निम्मे केलेले होते. न जुळल्यास ठरावीक मुदतीत एकदा बदलून देण्याची कंपनीची हमी होती, त्यामुळे नव्या काचांचे पैसे पडले नाहीत. माझे मत विचाराल तर या वस्तूच्या किमतीत जे खरोखर विकत घ्यायचे ते हे मोजमाप आहे. चांगले माप घेतलेली मध्यम काच ही घाईत माप घेतलेल्या महाग काचेपेक्षा निश्चित बरी. घरबसल्या मागवण्याच्या सोयीबद्दलही मला याच कारणाने शंका आहे, कारण दोन बुबुळांतले अंतर फोटोवरून काढता येईल, पण ती फ्रेम तुमच्या नाकावर किती खाली घसरते हे फ्रेम नाकावर आल्याशिवाय कळत नाही.

माप बरोबर असलेला चष्मा लावल्यावर पहिल्या दिवशी जे झाले ते सांगण्यासारखे आहे. मान खाली केली की फरशी माझ्याकडे वर येत असे. दाराचा उंबरठा मधोमध फुगलेला दिसे. मान वळवली की खोलीचे कोपरे किंचित मागे राहत आणि मग येऊन मिळत, जणू खोली पाण्यात ठेवली आहे. याचे कारण असे की आपण मान वळवतो तेव्हा डोळे आपोआप तितकेच उलट्या दिशेने फिरतात आणि त्यामुळे समोरचे दृश्य स्थिर राहते. हा हिशोब मेंदूने इतकी वर्षे जुन्या, सर्वत्र एकसारख्या काचेवर बसवलेला असतो. नव्या काचेत प्रत्येक जागी नंबर वेगळा असल्याने तो हिशोब चुकतो आणि चूक आपल्याला जमीन डुलल्यासारखी दिसते. मी मुलांना भूगोल शिकवते. पृथ्वी गोल असून सपाट का भासते हे वर्षानुवर्षे समजावून सांगितले आहे. आपल्या घरची फरशी सपाट का भासते, हा प्रश्न मात्र कधी मनात आला नव्हता. ती सपाट दिसते ती रोजच्या जमाखर्चाने, आणि वहीतला एक आकडा बदलला की ती फुगते.

पायऱ्या ही या चष्म्याची खरी परीक्षा आहे. पायरी पायाशी, म्हणजे डोळ्यांपासून दीड मीटर अंतरावर असते, पण खाली पाहिले की ती जवळच्या नंबरातून दिसते, म्हणून पुसट, मोठी आणि असावी त्यापेक्षा वर आलेली भासते. दादरचा पूल उतरताना पहिले चार दिवस मी कठड्याला धरून, एका बाजूने, मागच्यांची बोलणी खात उतरले. उपाय एकच, हनुवटी छातीला लावून वरच्या भागातून पायरी पाहायची. गाडी आणि फलाट यांच्यामधली फट ओलांडतानाही हेच करावे लागते, आणि ज्यांना रोज लोकलने जायचे आहे त्यांनी नवा चष्मा सोमवारी सकाळच्या गर्दीत पहिल्यांदा लावू नये, शनिवारी घरी लावावा, असे मी आग्रहाने सांगेन. नवव्या दिवशी शाळेच्या दारात पोहोचल्यावर माझ्या लक्षात आले की पूल कधी उतरले ते मला आठवत नव्हते.

या विषयावरचा एक जुना प्रयोग मला यानंतर वाचायला मिळाला. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉर्ज स्ट्रॅटन यांनी १८९०च्या दशकात एका डोळ्यावर सगळे उलटे दाखवणारी भिंगे बसवली, दुसरा डोळा झाकला आणि आठ दिवस तशा अवस्थेत काढले. आरंभी हात भलतीकडे जात, पुढे हालचाली बऱ्याच सुरळीत झाल्या आणि भिंगे काढल्यावर नेहमीचे जगच काही तास चमत्कारिक वाटू लागले. माझा अनुभव त्यापुढे अगदीच किरकोळ, पण शेवटचा भाग जुळतो. तिसऱ्या आठवड्यात सहज म्हणून जुना एकाच नंबराचा चष्मा लावला तर तोच मला चुकीचा वाटला. जमीन फार लांब गेली होती आणि डोळे खाली नेल्यावर काहीच बदलत नव्हते. पाच वर्षे ज्याला मी ‘नीट दिसणे’ म्हणत होते ते तीन आठवड्यांत मोडीत निघाले होते.

डोळ्यांनी सवय बदलली, मानेने मात्र दाम घेतला. पूर्वी बाजूला पाहायचे तर मी नुसते डोळे फिरवत असे. आता नाक त्या दिशेला न्यावे लागते, कारण डोळे फिरवले तर धूसर भाग आडवा येतो. वर्तमानपत्राचा पूर्ण रुंदीचा मथळा वाचताना मान डावीकडून उजवीकडे जाते, टेनिसचा सामना पाहणाऱ्यासारखी. अंथरुणावर आडवे होऊन वाचणे या चष्म्याने जमत नाही, आणि पडून दूरदर्शन पाहणे तर मुळीच नाही, कारण तेव्हा नजर नेमकी जवळच्या नंबरातून जाते. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरच्या डब्याची चिठ्ठी वाचायची झाली तर जवळची वस्तू वर असते आणि जवळचा नंबर खाली. तिथे मी अजूनही चष्मा काढते.

शिक्षकांसाठी एक खास अडचण आहे आणि ती कुठल्याही जाहिरातीत येणार नाही. फळ्यावर लिहिताना खडू डोळ्यांच्या समोर, हाताच्या अंतरावर असतो, म्हणजे अंतर जवळचे आणि नजर मात्र लांबच्या नंबरातून. स्वतःचेच अक्षर पुसट दिसते. ते पाहण्यासाठी हनुवटी उचलावी लागते, आणि हजेरी घेतानाही पट उंचावर धरला की तेच. दुसऱ्या आठवड्यात आठवीतल्या एका मुलीने मधल्या सुट्टीत येऊन विचारले, ‘बाई, तुम्ही आमच्यावर रागावलात का?’ मी विचारले, असे का वाटले? ती म्हणाली, ‘तुम्ही आता असं नाक वर करून बघता.’ चष्म्याने माझ्या नजरेत फरक पडला होता तो मला जाणवत होता. मुलांना माझ्याकडे पाहताना जो फरक पडला होता तो मात्र मला त्या मुलीने सांगेपर्यंत ठाऊक नव्हता. आता मी पट टेबलावर ठेवते.

या सगळ्याच्या बदल्यात जे मिळाले ते कमी नाही. वर्गात मागच्या बाकावरचे मूल आणि हातातली वही एकाच चष्म्यातून दिसते. बाजारात भाजीचा ढीग, वजनकाट्यावरचा आकडा आणि पैसे देताना मोबाइलवरची रक्कम यांसाठी चष्मा वर-खाली होत नाही. फलाटावर इंडिकेटर पाहून लगेच निरोप वाचता येतो. चालत्या-फिरत्या दिवसासाठी, जिथे लांब आणि जवळ यांची अदलाबदल मिनिटामिनिटाला होते, तिथे हा चष्मा उत्तम आहे. कपाळावर हात जाण्याची सवय मात्र दोन महिने टिकली. चष्मा न सरकवता वाचता येते हे ठाऊक असूनही हात वर जाई आणि तिथपर्यंत जाऊन थांबे.

सासूबाई पंचवीस वर्षे बायफोकल वापरतात. त्यांनी एकदा माझा चष्मा लावून पाहिला. नंबर वेगळा असल्याने नीट दिसणार नाही हे मी सांगितले होते, पण त्यांना नंबर पाहायचाच नव्हता. काच पुढे-मागे फिरवून त्यांनी विचारले, ‘यात रेघ कुठंय?’ रेघ नाही, तीच तर खुबी आहे, असे मी म्हणाले. ‘मग पाय कुठे टाकायचा ते कसं कळतं गं?’ त्या म्हणाल्या आणि चष्मा परत दिला. बायफोकलवाल्याला सीमा कुठे आहे ते दिसते आणि तो तिच्या वरून किंवा खालून पाहतो. प्रोग्रेसिव्हवाल्याला ती अंगवळणी पाडून घ्यावी लागते. ज्यांना तोल जाण्याचा त्रास आहे, ज्यांचे वय बरेच झाले आहे आणि ज्यांचा बायफोकल नीट चालला आहे त्यांनी केवळ रेघ दिसू नये म्हणून बदल करू नये, असे मला वाटते. पंचेचाळिशीच्या आसपास, ॲड लहान असतानाच ज्यांनी सुरुवात केली त्यांना ही काच सोपी जाते. मी पाच वर्षे उशीर केला आणि तो मानेला भोवला.

वर घालण्याच्या लेपांबद्दल थोडक्यात. प्रकाशाचे परावर्तन कमी करणारा लेप घ्यावा, त्याचा रात्रीच्या दिव्यांत उपयोग होतो. निळा प्रकाश अडवणाऱ्या लेपासाठी माझ्याकडे आणखी बाराशे रुपये मागितले होते आणि मी नाही म्हणाले. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रन या संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा आढावा घेऊन असे नोंदवले आहे की संगणकामुळे डोळ्यांना येणारा थकवा अशा काचांनी अल्पावधीत कमी होतो असे दिसत नाही.

संगणकाचा विषय निघालाच आहे तर उरलेली गोष्टही सांगते. शाळेत गुण भरताना तास-दोन तास पडद्यासमोर बसावे लागते आणि त्या अंतराचा नंबर प्रोग्रेसिव्हच्या अरुंद पट्टीत मधोमध असतो, त्यामुळे मान जागच्या जागी धरून ठेवावी लागते. मी ही तक्रार घेऊन गेले तेव्हा त्याच ऑप्टोमेट्रिस्टबाईंनी संगणकासाठी वेगळा चष्मा करावा लागेल असे सांगितले. एका चष्म्यात सगळे असावे म्हणून अकरा हजार दोनशे रुपये मोजल्यावर दुसरा चष्मा सुचवला जातो, याचा मला राग आला आणि मी तो लपवला नाही. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, ‘मॅडम, घरी जुने चष्मे असतील तर घेऊन या ना, बघूया.’

मी सातही चष्मे पिशवीत घालून नेले. त्यांनी एकेक यंत्रात ठेवून नंबर पाहिला आणि कॉलेजातला, सोनेरी तारेच्या फ्रेमचा पहिला चष्मा बाजूला काढला. त्याचा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे १.२५ होता. आजच्या माझ्या नंबरापेक्षा तो एक-सव्वा एककाने कमी असल्यामुळे त्यातून लांबचे पुसट दिसते, पण ऐंशी सेंटिमीटर ते एक मीटर अंतरावरचे काही ताण न देता दिसते आणि थोड्याशा प्रयत्नाने संगणकाच्या पडद्याइतके जवळचेही. एकोणीस वर्षांची असताना ज्याने मी फळा वाचत होते तोच चष्मा आज पडद्यासाठी बेतून केल्यासारखा निघाला. त्यांनी त्याचे पिवळे पडलेले नाकाचे पॅड बदलून दिले, काड्यांचे स्क्रू आवळले आणि चाळीस रुपये घेतले. काडी तुटलेला आणि आणखी तीन चष्मे मी दुकानातच ठेवून आले. जाड काळी फ्रेम अद्याप खणात आहे, तिच्याबद्दल माझे काही ठरलेले नाही. संगणकासाठी म्हणून मुद्दाम करून घेतलेला चष्मा यंत्रात तपासला तेव्हा त्यात लांबचाच नंबर बसवलेला आढळला.